परतीची तार

आषाढ निम्मा सरला होता. पांगारकोंडाच्या खाचराखाचरांतून बायका ओळीनं वाकल्या होत्या. कुणाच्या पाठीवर इरलं, कुणाच्या डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. पाऊस असा की बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं. तरी बायका बोलत होत्या, हसत होत्या. एका खाचरातून गाण्याची ओळ सुटली की पुढची ओळ पलीकडच्या खाचरातून यायची.

मुकं होतं ते एकट्या सहदेवाचं खाचर. तिथं माणसंच दोन. सहदेव जोत धरून चिखलणी करत होता आणि त्याची बायको ठमाबाई एकटीच मुठी सोडून रोप लावत मागं मागं सरकत होती. पोरगा-सून मुंबईला, त्यांना रजा नाही. ठमाबाईचा हा तुकडा लावून होईस्तोवर पलीकडचा चिखल बसून घट्ट व्हायचा आणि सहदेवाला पुन्हा बैल फिरवायला लागायचे. राबाच्या वाफ्यातलं रोप जून होऊन शेंड्याला पिवळं पडत चाललं होतं.

"अवो," ठमाबाई कमरेवर हात देऊन उभी राहिली, "ह्या चालीनं आपली लावणी नि लोकांची कापणी एकदमच यायची."

"मग काय करू? बैलांना रोप लावायला शिकवू?"

"शिकवा. ते तरी वाळीत टाकायचे नायत."

बांधापलीकडं गीताबाईचं खाचर. गीताबाई आणि ठमाबाई एकाच साली लग्न होऊन ह्या गावात आल्या होत्या. आज तू माझ्यात ये, उद्या मी तुझ्यात येते, अशा फेडीनं दोघींनी इतकी वर्षं लावणी केली होती. ठमाबाईनं मुद्दाम मोठ्यानं हाक मारली, "गीते, गो गीते! तुझ्या बांधाला भगदाड पडलंय, पाणी चाललंय बघ सगळं!"

गीताबाईनं मान वर केली नाही. पण थोड्या वेळानं ती बांधाकडं गेली, भगदाडात चिखल कोंबला आणि परत रांगेत जाऊन वाकली.

"बघा," ठमाबाई नवऱ्याला म्हणाली, "माझं ऐकायला कान चालतात. बोलायला तोंड चालत नाय."

सहदेवानं बैलांना हाकललं. त्याला ह्या विषयावर बोलायचंच नसायचं.

ह्या सगळ्याचं मूळ होतं जनरेटर. उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरात वसलेलं हे गाव. पावसाळ्यात घाटातल्या तारांवर झाड पडलं की वीज जायची, ती पंधरा-पंधरा दिवस यायची नाही. म्हणून मुंबईच्या मंडळानं वर्गणी काढून एक जुना पण दणकट डिझेलचा जनरेटर गावाला दिला. महाडच्या शहबाजभाईनं तो आणून दिला. प्रश्न आला तो बसवायचा कुठं. गावकीचा म्होरक्या कुशाबा. देवळातल्या बैठकीत त्यानं परस्पर सांगून टाकलं, "सहदेवाच्या खळ्यात. जागा मधोमध हाय, दोन्ही वाड्यांना सोयीची."

सहदेव नेहमीप्रमाणं खाली बघत बसला. बोलली ती बाहेर बायकांत उभी असलेली ठमाबाई.

"खळ्यात मशीन बसवलंत तर आमी भात कुठं झोडायचं? तुमच्या पडवीत? अंगणाच्या कोपऱ्यात तारांचा खांब रोवा हवं तर. खळं मिळायचं नाय."

खालच्या वाडीचे चार पुरुष फस्सकन हसले. पडवीचं कुशाबानं मनाला लावून घेतलं नसतं, पण ते हसणं त्याला झोंबलं. मशीन देवळामागं बसलं, शहबाजच्या माणसांनी ठमाबाईच्या अंगणात खांब रोवून दोन्ही वाड्यांना तारा ओढल्या. पण बाई गावकीत तोंड वर करून बोलली, गावाचा अपमान झाला, असं म्हणत कुशाबानं ते घर वाळीत टाकलं. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्यात पाणी प्यायचं नाही, त्यांच्या शेतात पाय टाकायचा नाही. जो टाकील त्याला दंड.

आणि आता ह्या आषाढात वारं सुटून घाटातली वीज गेल्यावर कुशाबाला दिसलं की ठमाबाईच्या ओटीवर जनरेटरचा बल्ब लागलाय. त्याला ते खपेना. त्यानं पुतण्याला, श्रीपतला बोलावलं. जनरेटर चालवायचं काम श्रीपतकडंच होतं.

"वाळीतल्या घराला गावकीचा उजेड कशाला रे? तोडून टाक."

श्रीपत भर पावसात शिडी लावून खांबावर चढला. वर तारांचा जुडगा होता, पाणी डोळ्यांत जात होतं, खालून ठमाबाई शिव्या मोजत होती. त्यानं ठमाबाईच्या घराकडं जाणाऱ्या तारा जिथं पिळल्या होत्या तिथंच पक्कड लावली आणि कचकन सगळा पीळ तोडून खाली उतरला.

ठमाबाईच्या ओटीवर अंधार झाला. त्याच संध्याकाळी गावात इपरीत सुरू झालं.

जनरेटर लावल्याबरोबर वरच्या वाडीतले बल्ब लग्नघरासारखे पांढरेफटक पेटले. लोक खूश झाले. म्हणाले, श्रीपतनं मशीन चांगलं तापवलंय. तोवर खालच्या वाडीत भागोजीनं गिरणी सुरू केली. भात भरडायची आणि पीठ दळायची सगळ्या गावाची ती एकच गिरणी, वीज नसली की जनरेटरवर चालायची. भागोजीनं बटण दाबलं आणि मोटार फिरायच्या ऐवजी म्हशीसारखी नुसती हंबरली. खालच्या वाडीतले बल्ब लाल झाले, विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकासारखे. आणि नेमक्या त्याच वेळी वरच्या वाडीत फटाफट बल्ब फुटायला लागले. कुशाबाच्या घरात मुंबईहून आणलेल्या रंगीत टीव्हीतून धूर निघाला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वाड्या देवळासमोर एकमेकांच्या अंगावर.

"तुमी वरचे सगळा करंट वढून घेता! आमच्या गिरणीला काय ऱ्हातंय?" भागोजी ओरडला.

"आमी वढतो? आमचे बल्ब फुटले रे! तुमीच काय तरी खालून ढकलताय!" श्रीपत म्हणाला.

"करंट म्हंजे काय कोंबडी हाय ढकलायला?"

"तुमच्या घरात लपवून शेगड्या लावल्यात, मला म्हायतीय!"

"चल, दाखव शेगडी! नाय दाखवलीस तर तुला शेगडीवर बसवीन!"

गचांड्या धरल्या गेल्या. एकाचा सदरा फाटला. शेवटी खालच्या वाडीनं रागानं ठरवलं की आपण काही लावायचंच नाही, मग बघू वरचे काय करतात. संध्याकाळी त्यांनी गिरणी बंद ठेवली, घरं बंद ठेवली, देवाजवळ म्हणून भागोजीनं एक बल्ब तेवढा लावला. तो एकटा बल्ब सूर्यासारखा झगमगला आणि फुटला. आणि वरच्या वाडीत सगळीकडं अंधारी आली. आता वरचे म्हणायला लागले, खालच्यांनी काहीतरी केलंय.

दोघं भांडून दमले की तिसऱ्याकडं वळतात. कुणाच्या तरी तोंडून निघालं, "ठमाबाईच्या घराची वायर तोडल्यापासनंच हे सुरू झालंय." दुसरा म्हणाला, "करणी." झालं. दुपारी पंधरा-वीस माणसं ठमाबाईच्या अंगणाबाहेर येऊन उभी राहिली. पण वाळीतल्या माणसाशी बोलायचं नाही हा गावकीचाच नियम. कुशाबाची पंचाईत झाली. मग त्यानं अंगणातल्या फणसाकडं तोंड केलं आणि आवाज चढवला.

"ज्या कुणी हे केलं असंल त्यानं आपलं आपण निस्तरावं! नायतर ह्या घराचं एक कौल जाग्यावर ऱ्हाणार नाय!"

ठमाबाई ओटीवर भाकर खात होती. तिनं ताट बाजूला सारलं.

"भावोजी, फणसाला कान नायत. मला हायत. काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोला, नि दंड भरा."

मागं कुणीतरी खाकरलं. श्रीपतनं एक ढेकूळ उचलून भिरकावलं. ते कौलाला लागलं, कौल फुटून ओटीवर पडलं. सहदेव आतून धावत आला. "चल गो आत," म्हणून बायकोचा हात धरला. ठमाबाईनं तो झटकला आणि जोवर शेवटचा माणूस पाणंदीला लागला नाही तोवर ती तिथंच उभी राहिली.

मग श्रीपतनं उमरठला जाऊन महाडला फोन लावला.

शहबाजभाई दोन दिवसांनी आला. जीप खाली ओढ्याशी ठेवून, गुडघाभर चिखल तुडवत, डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन. जेमतेम चाळिशीचा माणूस, महाडात त्याचं जनरेटर विकायचं आणि दुरुस्तीचं दुकान. लोक त्याची वाटच बघत होते. चहा राहिला बाजूला, आधी शिव्या.

"मोडकं मशीन आमच्या गळ्यात बांधलंस," कुशाबा म्हणाला. "आमी अडाणी म्हणून?"

"कुशाबाकाका, जबान सांभाळा. मुंबईच्या मंडळानं तीन दिवस चालवून बघितलं नि मग घेतलं. आधी बघू द्या, मग बोला."

त्यानं मशीन उघडलं. ब्रश काढून पुसले, पट्टा ताणून बघितला, इंजिनाचा वेग कमीजास्त होतोय का ते कान लावून ऐकलं. श्रीपत मागं उभा राहून दर मिनिटाला "त्यातच खोट हाय, त्यातच खोट हाय" म्हणत होता. शहबाज तापला. त्यानं मीटर काढलं आणि वायरी लावून श्रीपतच्या नाकासमोर धरलं.

"वाच. वाचता येतं ना?"

"दोनशे तीस."

"ही दुसरी वायर?"

"दोनशे तीस."

"मग? काटा हलतोय?"

काटा हलत नव्हता. भागोजीला गिरणीचं बटण दाबायला सांगितलं, तरी मशीनपाशी काटा जागचा ढळला नाही. शहबाज मीटर घेऊन वरच्या वाडीत गेला. तिथं साडेतीनशेच्या वर. तसाच घसरत खाली गिरणीत आला. तिथं ऐंशी. तो तिथंच पोत्यावर बसला आणि पहिल्यांदाच जरा शांतपणानं म्हणाला, "आडात पाणी बरोबर हाय. पोहराच फुटलाय. वाटेत कुठं तरी गडबड हाय."

तो देवळापासून तारेखालून चालत निघाला. मान वर, पाय चिखलात. लोक मागोमाग. तार ठमाबाईच्या अंगणात शिरत होती. तोही शिरायला लागला, तसा श्रीपत आडवा आला.

"तिकडं जायचं नाय."

"का? वाघ हाय?"

"घर वाळीत हाय."

"तुमच्या वाळीत हाय. मी महाडचा." आणि शहबाज अंगणात गेला.

ठमाबाई राबातून मुठी घेऊन नुकतीच आली होती. ती त्याच्यावरच उसळली. "कोण रे तू? कुणाला इचारून पाय टाकलास?"

"मावशी, मी मशीनवाला. खांब बघायचाय."

"खांब माझ्या अंगणात हाय."

"तेच तर इचारतोय. बघू का?"

इतक्या दिवसांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती बाजूला झाली. "लांबून बघ."

लांबून बघायलाही फार वेळ लागला नाही. खांबावरून तारेचं एक टोक सुटून लोंबत होतं. शहबाजनं ते बघितलं, मग श्रीपतकडं बघितलं.

"ही कुणी तोडलीन?"

माणसं एकमेकांच्या मागं सरकली.

"ही कुणी तोडलीन म्हणतोय!"

"हिच्या घराची तोडायची व्हती," श्रीपत पुटपुटला. "तीच तोडली."

"हिच्या घराची? अरे गाढवा, ही सगळ्या गावाची परतीची तार हाय!" शहबाजनं डोक्यावरचं प्लॅस्टिक फेकून दिलं. "वीज एका तारेनं जाते नि एका तारेनं परत मशीनला येते. वरच्या वाडीला जायची तार येगळी, खालच्या वाडीला येगळी, पण परत यायची दोघांची एकच. ती इथं ह्या खांबावर जोडली व्हती. तू तिचंच मुंडकं उडवलंस. आता वरच्या वाडीची वीज परत जायची तर खालच्या वाडीतनं जाते, नि खालच्याची वरच्यातनं. दोघांत जो जास्त लावील त्याला कमी मिळायची, जो कमी लावील त्याचं जळून जायचं. मशीनला शिव्या देताय! दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापलंत, नि आता म्हणताय, रगत कुठनं आलं?"

 मग ठमाबाई हसली. आधी हळू, मग पोट धरून. सहदेव तिला गप्प करायला गेला, पण तिचं हसू आवरेना.

"जोडून टाक लवकर," कुशाबा शहबाजला म्हणाला. "श्रीपत, शिडी आण."

ठमाबाईचं हसू तिथंच थांबलं. ती घरात गेली आणि कोयता घेऊन बाहेर आली. खांबाला पाठ लावून उभी राहिली.

"माझं अंगण वाळीत हाय. ह्यात गावकीच्या माणसानं पाय टाकायचा नाय. तुमचाच नियम. ज्यानं शिडी लावली त्याची बोटं ह्या खांबाखाली मिळतील."

"ठमे!" सहदेव कळवळला. "जोडू दे गो. आपलं काय जातंय?"

"आपली लावणी जातेय!" ती नवऱ्यावर अशी ओरडली की कुशाबासुद्धा मागं सरला. "रोप राबात म्हातारं झालं. वरीसभर काय खाणार तुमी? ह्यांची माती?" मग ती लोकांकडं वळली. "ऐका. घरटी एक माणूस माझ्या खाचरात पायजे. वरच्या वाडीचं पण, खालच्या वाडीचं पण. सगळी लावणी झाली की मग खांबावर चढा. मला तुमचं बोलणं नको, पाणी नको, माफी तर नकोच. हात पायजेत."

"एका बाईपायी गावकीचा निकाल मोडू?" कुशाबानं पाय आपटला. "शहबाज, तू दुसरा खांब रोव. दुसरी तार वढ."

"ह्या पावसात? खड्डा खणाल तर विहीर व्हईल. तार महाडहून आणायची, माणसं आणायची, पाऊस उघडायची वाट बघायची. दसऱ्यापर्यंत थांबता? नि मालकिणीची परवानगी नसताना मी चढणार नाय. पडलो तर माझ्या बायकोला कोण सांगणार, तुमची गावकी?" शहबाजनं मीटर पिशवीत टाकलं. "मी उमरठला हाय, उद्या संध्याकाळपर्यंत. काय ठरतंय ते तुमी बघा."

कुशाबानं ठरवलं की अंधारात राहू, पण झुकायचं नाही. पुरुषांनी माना डोलावल्या. कंदील होते, रॉकेल होतं, पुरुषांचं काही अडलं नव्हतं.

अडलं होतं बायकांचं. गिरणी बंद पडल्यापासून घराघरात तांदळाची डबडी पालथी झाली होती. ओढ्याला पूर, रिकाम्या हातानं कसंबसं पार होता यायचं, पण उमरठच्या गिरणीत पोतं डोक्यावरून न्यायची सोय नाही. माळ्यावरची मुसळं खाली आली. दिवसभर लावणीत वाकून आलेल्या बायका संध्याकाळी उखळाशी उभ्या राहून भात कांडायला लागल्या. ज्यांना सवय होती त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि तरण्यांनी कधी मुसळ धरलं नव्हतं. हाताला फोड यायचे, फुटायचे, मग दुसऱ्या दिवशी तेच हात चिखलात. निम्मा तांदूळ कणी होऊन पडायचा. त्या संध्याकाळी सगळ्या गावात धप्प धप्प आवाज चालला होता.

कुशाबाच्या घरी त्याची बायको सोनाबाई कांडत होती. कुशाबा पाटावर येऊन बसला आणि ताटातल्या कणीच्या भाताकडं बघून म्हणाला, "हा काय भात झाला?"

सोनाबाईनं मुसळ आणून त्याच्या पाटाशेजारी भिंतीला टेकवलं.

"उद्यापासनं तुमी कांडा. गावकीचा निकाल तुमी दिलात, तवा भातबी तुमीच काढा."

"तू मला शिकवतेस?"

"मी कशाला शिकवू? हात बघा माझं." तिनं दोन्ही पंजे त्याच्या डोळ्यांपुढं धरले. कुशाबानं मान फिरवली आणि कणी कालवून खाल्ली.

सकाळी सहदेव बैल घेऊन खाचरावर पोचला तर बांधावर बायका उभ्या. खालच्या वाडीच्या सगळ्या, वरच्या वाडीच्या निम्म्याशिम्म्या. पुढं गीताबाई. ठमाबाई मागून मुठींचा भारा घेऊन आली आणि थांबली.

"तुझ्यासाठी आलो नाय आमी," गीताबाई म्हणाली. इतक्या दिवसांतला तिचा हा पहिला शब्द. "तांदळासाठी आलोय."

"मी पण तुला हाक मारली नाय," ठमाबाई म्हणाली. "मूठ घे."

गीताबाईनं मूठ घेतली. बायका खाचरात उतरल्या. असली लावणी पांगारकोंडात कुणी पाहिली नसेल. गाणं नाही, चेष्टा नाही, एक शब्द नाही. नुसतं रोप चिखलात खुपसल्याचा चुबुक चुबुक आवाज आणि वरून पाऊस. पण हात सराईत होते. रागातही ओळ वाकडी होत नव्हती. एकदा ठमाबाईचा पाय रुतला आणि ती तोल जाऊन बसली. शेजारच्या गीताबाईचा हात आपसूक पुढं आला, मग मध्येच थांबून मागं गेला. ठमाबाई आपली आपण उठली.

अर्ध्याहून जास्त लावून झालं, वरच्या वाडीच्या राहिलेल्याही एकेक करून येऊन मिळाल्या, तेव्हा ठमाबाईनं कमर सरळ करून सगळ्यांकडं एक नजर फिरवली.

"कुशाबा भावोजींच्या घरातलं कोण?"

कुणीच नव्हतं.

"घरटी एक म्हणाले व्हते मी. ते घर सुटलं तर खांब सुटायचा नाय."

बायकांत कुजबुज झाली. "आता ही माजली," एक म्हणाली. "आमी आलो ते काय कमी झालं?" दुसरी म्हणाली. गीताबाईनं हातातली मूठ चिखलात आपटली. "एका घरापायी आमी सगळ्यांनी मरायचं व्हय गो?"

"मी इतके दिस एका घरापायीच मरतेय," ठमाबाई म्हणाली आणि पुन्हा वाकून लावायला लागली.

गीताबाई तशीच चिखलाच्या पायांनी खाचरातून बाहेर पडली आणि वरच्या वाडीच्या वाटेला लागली. तिथं कुशाबाच्या अंगणात उभी राहून ती काय काय बोलली ते सगळं सांगण्यासारखं नाही. पण परत आली तेव्हा तिच्या मागं सोनाबाई होती. आणि सोनाबाईनं श्रीपतचं मनगट धरलं होतं.

"मी आलेय घरातलं माणूस म्हणून," सोनाबाई ठमाबाईकडं न बघता म्हणाली. "नि ह्यालाबी आणलाय. ज्यानं तोडलान त्यानं लावायचं."

"मी बायकांत लावणी करू?" श्रीपत हात सोडवायला बघत होता. "काकानं मला सांगितलं म्हणून तोडली मी!"

"काकानं सांगितलं तर दरीत उडी मारशील? उतर!"

श्रीपत पँट दुमडून उतरला. त्याला ओळ धरता येईना. लावलेलं रोप पाण्यावर तरंगायचं. मागून येणारी बाई काही न बोलता ते पुन्हा लावायची. दिवस कलायच्या आत शेवटचं खाचर हिरवं झालं. बायकांनी पाण्यात हात धुतले आणि ठमाबाईनं ओटीवर ठेवलेल्या भाकऱ्यांकडं ढुंकूनही न बघता आपापल्या वाटेनं गेल्या. कुशाबा शेवटपर्यंत आला नाही.

शहबाज उमरठहून आला तेव्हा उजेड होता अजून. मशीन बंद करायला लावलं, स्वतः जाऊन खात्री केली. मग खांबाला शिडी लागली.

"मी नाय चढणार," तो श्रीपतला म्हणाला. "तू तोडलीस, तू जोड. मी खालून सांगतो तसं."

श्रीपत वर गेला. खालून शहबाज ओरडत होता, "गंज खरवड आधी! चकचकीत झाली पायजे! आता पीळ मार. घट्ट! अजून घट्ट! ह्यो बोल्ट आवळ. हलतंय का बघ." अंगणाबाहेर दोन्ही वाड्या बघत उभ्या होत्या. जोड झाला. श्रीपतनं चिकटपट्टी गुंडाळली आणि पाय खाली टाकायला लागला.

"थांब," ठमाबाई म्हणाली. "माझ्या घराची ऱ्हायली."

श्रीपतनं वरूनच मान हलवली. "काकानं नको सांगितलंय. लावणी झाली, बास झालं. घर अजून वाळीतच हाय."

 शहबाजनं ठमाबाईकडं बघितलं आणि खिशातून विडी काढून पेटवायला लागला.

ठमाबाई पुढं झाली, दोन्ही हातांनी शिडी धरली आणि ओढून अंगणात आडवी टाकली.

"अगो ए! काय करतेस!" श्रीपतनं खांबाला मिठी मारली. खांब ओला, पाय टेकायला जागा अरुंद, खाली दगडी पाळ. "शिडी लाव! काका! भागोजीकाका!"

भागोजी एक पाऊल पुढं आला. सहदेव ओटीवरून उतरला. आजवर गावात कुणापुढं आडवा न गेलेला माणूस, पण तो शिडीवर जाऊन बसला. नुसता बसला, पाय पसरून. भागोजी थांबला.

"घाई नाय," ठमाबाई वर बघत म्हणाली. "पाऊस हाय, गार वारा हाय. ऱ्हा निवांत."

श्रीपत थोडा वेळ शिव्या देत राहिला. मग त्याचे हात भरून आले. त्यानं एकदा कुशाबाच्या घराकडं बघितलं. तिथून कुणी येत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "शहबाजभाई, हिची वायर कुठली?"

"ती उजवीकडची. तिचं एक टोक त्याच बोल्टाला, नि दुसरं खालच्या वाडीच्या तारेला. सालपट नीट काढ."

वायर जोडून झाली. सहदेव उठला, शिडी लावली. श्रीपत उतरला तो कुणाकडं न बघता सरळ वरच्या वाडीकडं चालता झाला. शहबाजनं मशीन लावलं. मीटर घेऊन तो वर गेला, खाली गेला, दोन्हीकडं दोनशे तीस. भागोजीनं गिरणीचं बटण दाबलं आणि मोटार एका दमात फिरली.

रात्री देवळात बैठक झाली. कुशाबानं सांगितलं की लावणीपुरती मुभा होती, सहदेवाचं घर वाळीत आहे ते आहेच.  वीज कुठल्या घरात गेली आणि कुठल्या नाही ह्याचा विषय मात्र कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सहदेव भाताचं पोतं पाठीवर घेऊन गिरणीत गेला. बायांची रांग होती. तो रांगेच्या शेवटी उभा राहिला. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. त्याचा नंबर आला तेव्हा भागोजीनं तोंडातून शब्द न काढता पोतं उचललं, ओतलं, बटण दाबलं आणि तांदूळ भरून त्याच्या पायाशी ठेवला.

घरी आल्यावर ठमाबाईनं पोत्यात हात घातला.

"बोललं का कोण?"

"नाय."

तिनं मूठभर तांदूळ उजेडाकडं धरून बोटानं पसरला. दाणा अख्खा होता, लांब, कणी अगदी थोडी.

"नाय तर नाय," ती म्हणाली आणि चुलीवरच्या आधणात तांदूळ वैरला.